गफूरमामांची दावण

गफूरमामा माणसांना त्यांच्या बैलांवरून ओळखतात.

माझी ओळख ते 'कैऱ्या-मोऱ्याच्या घरचं पोरगं' अशी करून देतात. कैऱ्या आणि मोऱ्या हे माझ्या वडिलांचे बैल. मी सातवी-आठवीत असताना दोघेही वर्षभराच्या अंतरानं गेले. त्यानंतर मी इंजिनियर झालो, पुण्यात बारा वर्षं सॉफ्टवेअरची नोकरी केली, लग्न केलं, डोक्यावरचे निम्मे केस घालवले आणि घरून काम करायची मुभा मिळाल्यावर कळमनुरीला परत आलो. मामांच्या लेखी यातलं काहीच घडलेलं नाही. मध्ये बँकेत नवे साहेब आले. मामांनी त्यांना माझी ओळख करून दिली, "ह्यो कैऱ्या-मोऱ्याच्या घरचा. मोऱ्याचा उजवा खूर लई नाजूक व्हता, बराबर का?" साहेबांनी काळजीनं माझ्या उजव्या पायाकडे पाहिलं.

मामा माझ्या आईच्या माहेरचे, म्हणून मामा. धंदा नालबंदीचा. बैलाला दोरानं अलगद आडवं पाडायचं, चारी पाय बांधायचे, खूर तासायचे आणि प्रत्येक खुराच्या दोन्ही फाकांना लोखंडी पत्री ठोकायची. एका बैलाला आठ पत्र्या. वडील हेच करायचे, आजोबा हेच करायचे. बाजाराच्या दिवशी मामा लिंबाच्या झाडाखाली पोतं अंथरून बसतात. पुढ्यात हातोडी, सांडशी आणि खिळ्यांचा डबा. पूर्वी झाडाखाली बैलांची रांग लागायची. आता मामा असतात, पोतं असतं आणि झाड असतं.

त्यांना चेहऱ्यांत रस नाही. समोर माणूस आला की आधी त्याची चप्पल बघतात. एकदा माझी पत्नी वैशाली त्यांना चहा द्यायला आली, तर कप घेता घेता म्हणाले, "पोरी, डाव्या टाचंवर जोर देऊन राहिली तू. कंबर दुखती का?" कंबर दुखत होती. तिनं मला तीनदा सांगितलं होतं म्हणे. मला आठवत नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या घरात मामांना साखर जास्त आणि मला कमी पडते.

तर या मामांना पोरानं स्मार्टफोन घेऊन दिला. पोरगा हैदराबादला टायरच्या दुकानात असतो. बापानं आपल्याशी तोंड दाखवून बोलावं, नातवंडं बघावी, एवढाच त्याचा हेतू. मामांनी फोनचा कॅमेरा शोधून काढला आणि नातवंडं बाजूला राहिली. नाल ठोकून झालेल्या प्रत्येक बैलाचे ते पाच फोटो काढू लागले: एक तोंडाचा, चार पायांचे. बैल विकला गेला, नवीन मालकाकडे गेला, तरी परत काढायचे. "माणसाचं आधार कार्ड असतं, ह्येचं काहून नसावं?" असं त्यांचं म्हणणं.

तीन-चार वर्षांनी एके दिवशी दुपारी ते आले आणि फोन माझ्या टेबलावर ठेवत म्हणाले, "ह्याच्यात आता शेळी बी मावत न्हाई. काय तरी कर."

मी खुर्चीत सरसावून बसलो. मला कळमनुरीत माझ्या कामाबद्दल कुणी विचारत नाही. विचारलंच तर प्रिंटर दुरुस्त करता येतो का, एवढंच विचारतात. मी मामांना सांगितलं की इंटरनेटवर डेटाबेस नावाची सोय असते. डेटाबेस म्हणजे मोठी आखीव वही. फक्त ती आपल्या घरात नसते, दूर कुठल्यातरी कंपनीच्या मशिनवर असते, आपण इथून ती उघडायची. याला क्लाउड म्हणतात, म्हणजे ढग. ढग म्हटल्यावर मामा पावसाबद्दल विचारतील म्हणून मी एक चुरचुरीत उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी तसलं काही विचारलंच नाही.

"म्हंजे दुसऱ्याच्या गोठ्यात आपली दावण," ते म्हणाले. "हौ. चालंल."

मग आम्ही वही आखायला बसलो. एका बैलाला एक ओळ. नाव, मालक, गाव, रंग, शिंगं, खूण, शेरा. एवढं लिहून मी थांबलो.

"आन फोटू?" मामांनी विचारलं.

"फोटो इथं ठेवत नसतात, मामा."

"काहून?"

"वही जड होते. फोटो वेगळ्या जागी ठेवायचे आणि इथं नुसता त्यांचा पत्ता लिहायचा. जगभर असंच करतात."

मामांनी थोडा विचार केला. "म्हंजे बैल बांधायचा वाशिमला, आन इथं दावणीला चिठ्ठी बांधायची की बैल वाशिमला हाय म्हून?"

"तसंच काहीसं."

"आन तिथून कुणी बैल सोडला, तर ह्या चिठ्ठीला कळतं का?"

याच प्रश्नावर आमच्या कंपनीत एकदा दोन तास मीटिंग झाली होती. सतरा माणसं होती, पडद्यावर रंगीत आकृत्या होत्या, आणि इतक्या थोडक्यात प्रश्न कुणालाही मांडता आला नव्हता. हे मी मामांना सांगितलं नाही. मी म्हणालो, "तुम्हाला यातलं कळत नाही, मामा." पण मोठ्या माणसाचं मन राखावं म्हणून फोटो त्याच ओळीत ठेवले. बैल दावणीला बांधला. मामा खूश झाले. मी फोनमधले फोटो वहीत चढवायचो आणि फोन मोकळा करून द्यायचो. "बिनधास्त पुसा, मी आहे ना," असंही म्हणायचो. हे वाक्य माझ्याच तोंडचं आहे. नंतर ते मला फार वेळा ऐकू आलं.

सहा-आठ महिन्यांत वही खरंच जड झाली. बैलांची यादी उघडायची तर मध्ये चहा पिऊन व्हायचा. डेटाबेसवाल्या कंपनीच्या ईमेल यायला लागल्या की तुमची जागा संपत आली आहे. मी मनातल्या मनात मामांना दोष दिला. खरं कारण मला पुढे कळलं. नुसती नावांची यादी दाखवायची असताना माझा प्रोग्राम दर वेळी सगळ्या बैलांचे सगळे फोटो ओढून आणत होता. म्हणजे हजेरीत नुसतं नाव पुकारायचं, तर मी दर वेळी पोरांना घरदारासकट वर्गात बोलावत होतो. पण तेव्हा मला माझ्या बारा वर्षांच्या अनुभवावर विश्वास होता.

मामांना न सांगता मी एका दुपारी, जेवण आणि मीटिंग यांच्यामधल्या अर्ध्या तासात, सगळे फोटो काढून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकले आणि वहीत पत्ते लिहिले. फाइलींना नावं देताना मला वाटलं, उद्या मामांनाही वाचता यावीत, म्हणून बैलाचंच नाव दिलं, पायांच्या फोटोंना नावापुढं आकडा. पाखऱ्याची फाइल पाखऱ्या. हिऱ्याची हिऱ्या. दोन-तीन उघडून पाहिल्या, बरोबर होत्या. वहीतले मूळ फोटो पुसून टाकले. यादी चुटकीसरशी उघडली. मी स्वतःवर इतका खूश झालो की मीटिंगमध्ये विनाकारण हसत होतो.

यानंतर सहाव्या दिवशी बाजार होता.

बाजारात एका टेम्पोनं कर्कश हॉर्न वाजवला आणि दोन बैल दावं तोडून पळाले. दोघेही लाल कंधारी जातीचे, दोघेही तांबडे, दोघांचंही नाव राजा. तासाभरानं एक सापडला, एक सापडेना. सापडलेल्या बैलावर दोघांनी हक्क सांगितला. शेतकऱ्याला आपला बैल ओळखता येत नाही असं सहसा होत नाही. पण यातल्या एकानं, कनेरगाव नाक्याच्या गृहस्थानं, आपला राजा त्याच सकाळी विकत घेतला होता. दुसरा हट्ट्याहून आलेला जावई होता. सासऱ्याचा बैल विकायला आणला होता. दोघांचाही आपापल्या राजाशी परिचय जेमतेम दोन तासांचा. आवाज मात्र असे की जणू बैलासोबत लहानाचे मोठे झाले.

"भांडू नका," गफूरमामा पोत्यावरून उठत म्हणाले. "दोन्ही राजे माह्या हातचे हायेत. माह्या भाच्याकडं समद्यांचे फोटू हायेत. चला."

माझ्या दारात पन्नासेक माणसं, दोन मालक आणि एक बैल आला. काय झालं ते मला सांगितलं गेलं. मी लॅपटॉप घेऊन ओट्यावर आलो. खरं सांगतो, त्या क्षणाची मी गावात परत आल्यापासून वाट बघत होतो. वैशालीलाही मी बाहेर बोलावलं.

"हा कनेरगावचा राजा," मी म्हणालो आणि फोटो उघडला. गर्दी पुढं सरकली. "आणि हा हट्ट्याचा राजा." दुसरा फोटो उघडला.

दोन्ही फोटो एकच होते.

मी तिसरा राजा उघडला. तोच. चौथा. तोच. जिल्ह्यातले सगळे राजे एकाच तोंडाचे झाले होते आणि तो फोटो यांच्यापैकी कुणाचाच नव्हता. त्या राजाच्या कपाळावर हाताएवढा पांढरा ठिपका होता. माझ्या लक्षात आलं. आपल्याकडे दर तिसऱ्या घरात एक राजा असतो. एकाच नावाची फाइल आली की नवी जुनीवर बसते. शेवटचा राजा आधीच्या सगळ्या राजांवर बसला होता.

"भाऊ, ह्ये तर पॅनकार्डावानी झालं," मागून कुणीतरी म्हणालं. "समदे येकसारखेच दिसायलेत." लोक हसले. वैशाली हसली नाही, आत गेली. ते जास्त लागलं.

मामा बैलाजवळ गेले, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, मागचा डावा पाय उचलून मांडीवर घेतला आणि बोटानं खुराची आतली कड चाचपली. "जावईबापू, तुमचा हाय," ते म्हणाले. "ह्याचा आतला फाका वाकडा हाय. म्या पत्री तिरपी मारली व्हती. कनेरगावचा राजा बसस्टँडाच्या मागं पहा, तिथं पाणी हाय." तो खरंच तिथं सापडला. हौदाशी पाणी पीत होता.

गर्दी पांगली. मामा ओट्यावरच उभे राहिले.

"किती गेले?" त्यांनी विचारलं.

मी खोटं बोलू शकलो असतो. "राजे सगळे गेले, मामा. सर्जे गेले. जी नावं दोनदा आली ती सगळी. एकेकच उरलाय."

मामा दाराशी खाली बसले. मी त्यांना खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही. "त्यातले निम्मे आता जित्ते न्हाईत, बाबा," ते म्हणाले. "परत कुठून काढू फोटू?"

मी लॅपटॉपकडे वळलो. असल्या भाड्याच्या डेटाबेसची एक सोय असते: तिथली कंपनी आपल्या वहीची रोज एक नक्कल काढून ठेवते. पण कायमची नाही. आमची सात दिवसांची होती. फोटो पुसून आज सहावा दिवस. मामांनी एक बाजार उशिरा ती दोन माणसं माझ्याकडे आणली असती, तर आज हा लेख लिहायला मला तोंड उरलं नसतं.

जुनी नक्कल मागवली. पडद्यावर एक गोल चक्र फिरायला लागलं. ते दीड तास फिरलं. वैशालीनं चहा आणून ठेवला, मामांनी घेतला नाही. ते भिंतीला टेकून, डोळे मिटून, हळू आवाजात एकेक राजा सांगत होते. "पोतऱ्याचा राजा, पुढचा उजवा फाटका. वारंग्याचा राजा, उभा ऱ्हायला की मागचा डावा उचलायचा. आखाड्याचा राजा, त्येला खिळा लागला तवा माह्याकडं वळून पाहिलं व्हतं." मला आधी वाटलं ते मला माहिती देतायत. मग कळलं की ते विसरू नये म्हणून घोकतायत. माझ्यावर त्यांनी भरवसा ठेवणं सोडलं होतं, आणि बरोबरच होतं.

चक्र थांबलं. मी वही उघडली. पोतऱ्याचा राजा आपल्या तोंडानिशी समोर आला. मग वारंग्याचा. मग आखाड्याचा. मामा उठून माझ्या खांद्याशी येऊन उभे राहिले. प्रत्येकाला "आला," म्हणत होते. शेवटचा आल्यावर म्हणाले, "आता?"

"आता जिथल्या तिथं बांधतो, मामा. त्याच ओळीत."

"हौ." ते चपला घालायला लागले. "लई तकलीफ झाली तुला."

मला. ते मला म्हणाले. त्या दिवशी मी पहिल्यांदा माझ्या यादीच्या प्रोग्रामकडे नीट पाहिलं, चूक शोधली आणि दोन ओळी बदलल्या. वही तशीच जड राहिली, यादी मात्र पटकन उघडायला लागली. ईमेलवाल्या कंपनीकडून मी थोडी जास्त जागा घेतली.

त्यानंतर मला मामांना तोंड दाखवायची लाज वाटायची. तर दिवाळी झाल्यावर एका शुक्रवारी, नमाजनंतर, तेच मोपेड घेऊन दारात आले. "चल," म्हणाले. "तुहा तो मोठा डबा बी घे." डबा म्हणजे लॅपटॉप. कुठं जायचं ते सांगितलं नाही.

आम्ही तासभर कच्च्या रस्त्यानं गेलो. एका गावाच्या टोकाच्या घरात बाजेवर एक म्हातारे गृहस्थ पडून होते. लिंबाजीआबा. अंग बाजेला चिकटलेलं, नजर अधू. मामांच्या मोपेडचा आवाज आला तसा त्यांनी उशीवरून मान उचलली.

"आलास का गफूर? चंद्र्या कसा हाय माहा?"

"मस्त हाय की," मामा बाजेच्या कडेला बसत म्हणाले. "आठ दिवसांमागंच पत्र्या मारल्या. चांगल्या घरी पडलाय."

मला येताना दाराशी आबांच्या सूनबाईंनी हळूच सांगितलं होतं. आबांचा बैल चंद्र्या. ट्रॅक्टर आला तसा मुलांनी दोन वर्षांपूर्वी विकला. आबांनी तेव्हापासून अंथरूण धरलं. मामा दर शुक्रवारी येतात, बैलाची खबर देतात, फोनवर आमची वही उघडून फोटो दाखवतात. आता आबांना फोनचा लहान पडदा दिसत नाही.

"आज मोठा फोटू आणलाय," मामा म्हणाले. "दाखव रे."

मी वही उघडून चंद्र्याची ओळ काढली. नाव, मालक, गाव, रंग. शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात मामांनी कधीतरी मला लिहायला लावलेले दोन शब्द होते. असे शेरे मी शेकड्यानं टाइप केलेत, एकही लक्षात ठेवलेला नाही. 'पावसाळ्यात गेला.'

मी मामांकडे पाहिलं. मामा आबांची चादर नीट करत होते.

मी फोटो एवढा मोठा केला की बाकी काहीच दिसेना. आबांनी डोळे बारीक केले. हात लांबवून पडद्यावर चंद्र्याच्या वशिंडाला बोटं लावली.

"कवाचा हाय रं ह्यो, लेकरा?" त्यांनी मला विचारलं. "गफूर काय बी सांगतो. तू शिकलेला हायेस, तू सांग."

फोटोवर तारीख होती. तीन वर्षांपूर्वीची. लोकांच्या नोंदी चोख राहाव्यात म्हणून कंपनी मला पगार देते.

"परवाचाच आहे, आबा," मी म्हणालो. "मीच काढलाय."

"वाळला जरा."

"थंडी हाय नव्हं," मामा म्हणाले.

"पाय दाखव."

मी एकेक पाय दाखवला. दोघं म्हातारे पुढं वाकून प्रत्येक खुरावर बोलत राहिले, कुठं तासला, कुठं खिळा आत गेला, कुठं जपायला पाहिजे. मला त्यातलं काही कळलं नाही. अर्धा तास कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. मामांना मी इतकं बोलताना आजवर पाहिलं नव्हतं.

परत निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. गावाबाहेर आल्यावर मी म्हणालो, "मामा, शेऱ्यात तर..."

"म्हाईत हाय." मामा समोर बघत मोपेड चालवत होते. "म्याच माती दिली चंद्र्याला. नव्या मालकानं निरोप धाडला व्हता." थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "आता बाजारात दिवसभर बसलो तरी कुणी खुराचं इचारत न्हाई, बाबा. पोराला फोनवर सांगाया लागलो की तो म्हणतो, अब्बा, जेवला का? येवढा येकच माणूस ऱ्हायलाय, जो पाय दाखव म्हणतो."

मी मांडीवरचा लॅपटॉप सावरला.

"चंद्र्याचे फोटू तीन टायमाचे हायेत आपल्याकडं," मामा म्हणाले. "दोन दाखवून झाले. तिसऱ्यात मागं पळस फुललेला हाय, तो आत्ता दाखवता येत न्हाई, म्हातारा लगेच वळखंल. तो होळीला काढू."

"बरं."

रस्त्यात खड्डा आला. मामांनी मोपेड हळू केली, बाजूनं काढली.

"तवर ऱ्हायला पायजे म्हातारा," ते म्हणाले.